एक रसविपर्यास

काव्याचे परीक्षण करणाऱ्याकडून जे प्रमाद घडतात, त्यांत रसाची ओळख चुकणे हा प्रमाद सर्वांत मोठा मानावा लागेल. शब्दाचा अर्थ चुकला तर कोश तो दुरुस्त करतो, वृत्त चुकले तर ते कानाला खटकते. परंतु वीररसाच्या प्रसंगी जो श्रोता डोळे पुसत बसला, त्याची समजूत कोणत्या ग्रंथाने घालावयाची? हा प्रमाद काव्यापुरताच घडतो असेही नाही. अपंग खेळाडूंच्या पराक्रमाची जी वर्णने आपल्या वृत्तपत्रांतून, व्याख्यानांतून व चित्रपटांतून येत असतात, ती वाचताना व ऐकताना मला या रसविपर्यासाची वारंवार आठवण होते. आणि या अपराधात मी स्वतःही सामील आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

नेकनूर हे बीडहून अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बाजाराचे गाव. २०२५ सालचा अतिवृष्टीचा पावसाळा सरल्यावर तेथे गुणी विद्यार्थ्यांचा एक सत्कारसमारंभ झाला, व त्याचे अध्यक्षस्थान वयोमानाप्रमाणे माझ्याकडे आले. सत्कारमूर्तींमध्ये एक मुलगा होता. त्याचा डावा हात कोपरापासून लुळा. गोळाफेकीच्या एका स्पर्धेत तो पहिला आला होता. त्याच्याविषयी मी पाऊण घटका बोललो. इंग्रजीतून अंध मिल्टन आणला, मराठीतून प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज आणले, दैवाला दूषण दिले आणि मनोधैर्याची थोरवी गायिली. सभेत बायाबापड्यांनी डोळे पुसले, आणि भाषण साधले अशा समाधानात मी खाली बसलो. समारंभ आटोपल्यावर तो मुलगा पाया पडावयास आला व म्हणाला, “सर, लई चांगलं बोललात; पण माझा गोळा किती लांब गेला, ते सांगितलंच नाही की!”

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते मला अधिक लागले. तीस वर्षे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो की, कवीच्या चरित्रावर अश्रू ढाळण्यापूर्वी त्याची कविता वाचा. या मुलाची कविता म्हणजे त्याने फेकलेला गोळा. आणि ती न वाचताच मी तिच्यावर भाषण ठोकले होते.

भरताने नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाचा स्थायीभाव सांगून ठेवला आहे: करुणाचा शोक, अद्भुताचा विस्मय आणि वीराचा उत्साह. आपली वर्णने पहिल्या दोहोंतच घोटाळत राहतात. दुसऱ्याविषयी हळहळणारा मनुष्य नकळत त्याच्याहून उंच पायरीवर उभा राहतो, आणि विस्मय पावलेला मनुष्य कारणे शोधावयाचे सोडून देतो. गीतेच्या ध्यानश्लोकात पांगळा पर्वत ओलांडतो, तो ईश्वरी कृपेने. भक्तीच्या ठिकाणी ते यथार्थ आहे. परंतु क्रीडांगणावरील पर्वत पहाटेच्या अभ्यासाने तसूतसूने ओलांडावा लागतो, आणि त्या अभ्यासाला चमत्कार म्हणणे म्हणजे तो करणाऱ्याचे श्रेय दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर मांडणे होय. ‘अपंग’ शब्द टाकून ‘दिव्यांग’ शब्द रूढ करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण त्या शब्दानेही आपण करुणातून निघालो ते थेट अद्भुतात जाऊन पडलो. वाटेत वीररस लागतो, तेथे आपण थांबलोच नाही.

ज्यांना तो पाहावयाचा असेल, त्यांनी अपंग खेळाडूंच्या जागतिक मैदानी स्पर्धेची रचना लक्षपूर्वक पाहावी. १९४८ सालच्या २९ जुलै रोजी, लंडनमध्ये ऑलिंपिक सामन्यांचे उद्घाटन होत असताना, स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयाच्या हिरवळीवर डॉ. लुडविग गुटमन यांनी युद्धात जायबंदी झालेल्या सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. त्या बीजापासून पुढे पॅरालिंपिकचा वृक्ष झाला. केवळ धावणे, उड्या व फेकी यांची स्वतंत्र जागतिक स्पर्धा प्रथम १९९४ साली बर्लिन येथे झाली, आणि तिचे बारावे अधिवेशन २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नवी दिल्ली येथे भरले. भारतात ती प्रथमच भरत होती, व आपल्या खेळाडूंनी सहा सुवर्णपदकांसह एकूण बावीस पदके मिळविली.

या स्पर्धेचा प्राण म्हणजे तिचे वर्गीकरण. इंग्रजी ‘टी’ हे अक्षर धावण्या-उडण्याचे, ‘एफ’ हे फेकीचे. आणि पुढील अंक व्यंगाचा प्रकार व प्रमाण सांगतात. ११ ते १३ हे अंक दृष्टिदोषाचे, ३१ ते ३८ हे मेंदूच्या विकाराने स्नायूंवरील ताबा उणावलेल्यांचे, ६१ ते ६४ हे कृत्रिम पाय लावून उतरणाऱ्यांचे. नवख्याला हा सारा जमाखर्च रुक्ष वाटेल. मला मात्र त्यात टीकाशास्त्राचे मर्म दिसते. अभंगाला महाकाव्याची फूटपट्टी लावू नये, आणि अभंग आहे म्हणून वाटेल त्या अभंगाला थोरही म्हणू नये, हेच तर आपण शिकवितो. वर्ग ठरविताना जेवढी सहानुभूती दाखवावयाची तेवढी दाखवून होते. वर्ग ठरल्यावर फीत निर्दय असते. टोकियो येथील पॅरालिंपिकमध्ये २०२१ साली आपल्या एका थाळीफेकपटूचे कांस्यपदक, तो त्या वर्गात बसत नाही असे ठरल्यामुळे, रद्द झाले. दया हाच या खेळाचा पाया असता तर असे घडते ना. टी-११ या वर्गात तर सर्व धावपटूंच्या डोळ्यांवर पट्टी असते, म्हणजे अंधारही सर्वांना सारखाच मिळावा. शेजारून डोळस सोबती लहानशा दोरीने जोडलेला धावतो. पण त्याने खेळाडूला ओढावयाचे नाही, की अंतिम रेषा त्याच्या आधी ओलांडावयाची नाही. समीक्षकाच्या मर्यादेचे याहून नेमके चित्र मला ठाऊक नाही.

आता एक उदाहरण घेऊ. सांगली जिल्ह्यात, आटपाडी तालुक्यात करगणी हे गाव आहे. तेथील सचिन सर्जेराव खिलारी शाळकरी वयात सायकलवरून पडले, व त्यांचा डावा हात कायमचा अधू झाला. आपली बहुतेक वर्णने या सायकलीपाशी सुरू होतात आणि तेथेच रेंगाळतात. माझ्या मते खरी कथा चार आकड्यांत आहे. २०२३ साली पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत एफ-४६ वर्गात १६.२१ मीटर, सुवर्ण. त्याच वर्षी हांगचौच्या आशियाई स्पर्धेत १६.०३, सुवर्ण. २०२४ च्या मे महिन्यात कोबे येथील जागतिक स्पर्धेत १६.३०, पुन्हा सुवर्ण. आणि त्या सप्टेंबरात पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये १६.३२, स्वतःची सर्वोत्तम फेक. पण कॅनडाच्या ग्रेग स्ट्युअर्ट यांचा गोळा १६.३८ वर पडलेला, म्हणून रौप्य. चौदा महिन्यांत अकरा सेंटिमीटर मिळविले आणि सहा सेंटिमीटरांनी सुवर्ण हुकले! आयुष्यातील उत्तम फेक करूनही मनुष्य दुसरा येतो, यात जे नाट्य आहे ते सायकलीच्या अपघातात नाही. अपघात कोणालाही होतो. ते सहा सेंटिमीटर मात्र जन्मभर खपून मिळविलेले असतात.

गोळा तर एकाच हाताने फेकतात, मग दुसरा हात अधू असल्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. रसग्रहणाला प्रारंभ होतो तो अशाच प्रश्नाने. गोळा मानेशी धरून वर्तुळात शरीर घसरवीत किंवा फिरवीत आणताना मोकळा हात तोल सांभाळतो. आणि शेवटच्या क्षणी तोच हात झटक्याने अंगाशी ओढून घेतला की, शरीराची ती बाजू खिळल्यासारखी थांबते व सारा वेग फेकणाऱ्या हातात उतरतो. तो हात साथ देत नसेल तर हे काम कंबर व पाय यांच्याकडून करून घ्यावे लागते. वजने उचलण्याच्या व्यायामातही तीच अडचण. हे समजल्यावर सोळा मीटर हा आकडा बोलू लागतो. आणि हे समजून घेण्याची तसदी न घेता वाहिलेले अश्रू फार स्वस्त असतात.

होमरला हे कळत होते. ‘इलियड’च्या तेविसाव्या सर्गात पॉलिपोइटीस लोखंडाचा जड गोळा भिरकावतो, तेव्हा गुराख्याने भिरकावलेली काठी गुरांवरून जितकी दूर जाते, तितका दूर तो गेला, असे कवी सांगतो. फीत नव्हती, तरी माप सांगितल्यावाचून त्या कवीला राहवले नाही. आमच्याकडे फीत आहे, आणि माप आम्ही गाळतो. मुरलीकांत पेटकर यांचीच गोष्ट घ्या. १९६५ च्या युद्धात ते जायबंदी झाले. १९७२ साली हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक मिळविले. त्यांच्यावरील ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट २०२४ साली आला. तो पाहून आलेल्या माझ्या सुशिक्षित स्नेह्यांना त्यांच्या अंगात शिरलेल्या गोळ्यांची संख्या पाठ होती. सेकंद एकालाही सांगता आले नाहीत. आमच्या मराठवाड्यातील, नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव यांनी कोबे येथे एफ-३४ वर्गात गोळाफेकीचे रौप्यपदक जिंकले, आणि त्याच वर्षी पॅरिस येथे सुमित अंतिल यांच्याबरोबर भारताचा ध्वज धरला. त्यांचे नाव निघताच बीडमध्ये हळहळ ऐकू येते; त्यांचा वर्ग कोणता, हे विचारणारा विरळा.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, दयेवाचून समाजाचे चालत नाही. दया आटली तर बसस्थानकावर उतरण कोण बांधील? याला उत्तर २०१६ च्या अपंग हक्क कायद्यानेच दिले आहे. उतरण हा हक्क आहे, आणि हक्काला अश्रूंची शिफारस लागू नये. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वीराचा असा गौरव केल्याने, ज्यांना गोळा फेकता येत नाही, ज्यांना अंथरुणावरून उठणेही कठीण आहे, त्यांना आपण अधिकच हीन ठरवीत नाही काय? पण विचार केल्यास हा दोष अद्भुताच्या पदरी पडतो. “त्याने करून दाखविले, मग तुला का जमू नये?” हा निष्ठुर प्रश्न चमत्कारकथेतून निघतो. माप असे काही म्हणत नाही. अमुक मनुष्याने, अमुक वर्गात, अमुक दिवशी इतके अंतर गाठले, एवढेच ते सांगते. आणि न फेकणाऱ्याला त्याच्या वाट्याचा मान त्याच्या माणूसपणाने मिळालेला असतो, तो पदकावर अवलंबून नसतो.

तेव्हा उपाय साधा आहे. सत्कार करावयाचा असेल तर आधी माप सांगावे, मग ते कसे साधले हे समजून घेऊन सांगावे, आणि व्यंगाचा उल्लेख वर्ग कळण्यापुरता करावा. एवढे झाल्यावर कोणाचे डोळे पाणावले तर ते पाणी उत्साहाचे असेल, आणि त्याला कोणी हरकत घेणार नाही.

नेकनूरच्या त्या समारंभात माझ्या भाषणातून एक आकडा राहून गेला होता. तो मुलाकडून विचारून घेतला आहे, व चुकीची दुरुस्ती म्हणून येथे नोंदवितो. त्याचा गोळा ९ मीटर १२ सेंटिमीटर गेला.