आईचा आवाज, डॉनचा आवाज : पुझोच्या दोन कादंबऱ्या

मारिओ पुझो (१९२०–१९९९) हे नाव ‘द गॉडफादर’ (१९६९) या कादंबरीशी आणि १९७२ सालच्या तिच्या चित्रपटरूपाशी इतके जखडले गेले आहे, की तिच्या काही वर्षे आधी प्रसिद्ध झालेल्या ‘द फॉर्च्युनेट पिल्ग्रिम’चा उल्लेख बहुधा पूर्वतयारी म्हणूनच होतो. हा क्रम उलटवून पाहिला, तर दारिद्र्य आणि संघटित गुन्हेगारी यांच्या संबंधाविषयी पुझोला आधी काय उमगले होते व नंतर काय त्याने दृष्टीआड केले, हे स्पष्ट होते.

‘पिल्ग्रिम’चा अवकाश न्यूयॉर्कमधील हेल्स किचन या वस्तीचा, काळ १९२८पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतचा. दक्षिण इटलीतून आलेली लुचिया सांता एका पतीला मृत्यूमुळे आणि दुसऱ्याला वेडामुळे मुकते. सहा मुलांचा संसार तिच्या एकटीवर येतो. मंदीच्या दिवसांत थोरला लॅरी बेकरीवाल्यांकडून संघटनेच्या नावाखाली पैसे वसूल करणाऱ्यांच्या पदरी राहतो. येथे गुन्हा हा पराक्रम नसून नोकरी आहे. तिला मालक आहे, ठरलेला पगार आहे आणि वसुलीचे ओझे सोसणारा गरीब दुकानदारही आहे. लॅरीच्या पैशाने घराला आधार मिळतो आणि हा पैसा कुठून येतो, याविषयी आई फार खोलात शिरत नाही. तिचे हे मौन हाच कादंबरीचा नैतिक केंद्रबिंदू होय. विनी मात्र प्रामाणिक नोकरी करतो आणि रेल्वेच्या यार्डात इंजिनाखाली मरतो. म्हणजे सचोटीलाही येथे किंमत मोजावी लागते. त्याच घरातील ऑक्टेव्हिया आणि जिनो यांच्या वाटा वेगळ्या असल्याने भुकेतून गुन्हा अटळपणे जन्मतो, असे सोपे समीकरणही लेखक मांडत नाही.

‘गॉडफादर’मध्येही आरंभ बेकारीतूनच होतो. फानुच्ची या गुंडाच्या नात्यातल्या मुलासाठी तरुण व्हिटोची किराणा दुकानातील नोकरी जाते. परंतु ही भूक थोड्याच पानांत संपते आणि तिची जागा न्यायदानाची मिथ्यकथा घेते. डॉनच्या दारी याचक येतात; त्याच्या साम्राज्याला पैसा पुरवणारे सामान्य लोक मात्र निवेदनाच्या परिघाबाहेर राहतात. या कादंबरीत भांडवलशाहीचे उपहासात्मक प्रतिबिंब पाहणारे वाचन निराधार नाही. तथापि त्या आरशात ‘पिल्ग्रिम’मधला बेकरीवाला दिसत नाही, ही त्याची मर्यादा होय.

डॉनच्या तोंडी आपल्याला आईचाच आवाज ऐकू येत असे, अशी कबुली पुझोने उत्तरायुष्यात दिली. तिचे शहाणपण, कुटुंबनिष्ठा आणि निर्दयता पुरुषाच्या देहात गेली, तेव्हा तिला सत्ता लाभली. पण तिचे कष्ट मागेच राहिले. ‘गॉडफादर’मधील स्त्रियांना कारभाराच्या खोलीत प्रवेश नाही, हा त्या स्थलांतराचाच परिणाम मानावा लागेल.

‘पिल्ग्रिम’च्या अखेरीस लुचिया सांता लाँग आयलंडवरील घराकडे निघते तेव्हा रडते. इच्छा पूर्ण झाली आहे आणि ती कशाच्या मोबदल्यात, हेही तिला ठाऊक आहे. हा हिशेब ‘गॉडफादर’च्या लक्षावधी वाचकांपुढे कधी आलाच नाही. स्थलांतरितांच्या संघर्षाचे साहित्य म्हणून या दोहोंत ‘पिल्ग्रिम’ श्रेष्ठ ठरते, ते याच कारणाने.