आजी नसलेला बटवा : घरगुती औषधांच्या मराठी पुस्तकांचे एक वाचन

घरगुती औषधांची मराठी पुस्तके मी गेली काही वर्षे जमवतो आहे. काही सीताबर्डीच्या रद्दीवाल्याकडून घेतली, काही नातलगांच्या फडताळांतून मागून आणली. मी वैद्य नाही, डॉक्टरही नाही. दूरसंचार खात्यातून २०२० साली स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि वाचत बसलो, एवढीच माझी पात्रता. वाङ्मयीन समीक्षेने या पुस्तकांकडे कधी पाहिले नाही. वास्तविक मराठी घरांत ज्ञानेश्वरी आणि पंचांगाच्या शेजारी जागा मिळवणारा हा ग्रंथप्रकार आहे, आणि त्याचे वाचक प्रामुख्याने म्हातारी माणसे आहेत.

वाचनाचे निमित्त मात्र घरातलेच. आईचे वय अठ्ठ्याहत्तर. रक्तदाबाची गोळी आणि तिच्या जोडीला, आमच्याकडे म्हणतात तशी, पाण्याची गोळी. एका हिवाळ्यात कोरडा खोकला लागला, म्हणून मीच आणून दिलेल्या एका पुस्तकात पाहून तिने मधातून ज्येष्ठमधाचे चूर्ण सुरू केले. गोड लागते म्हणून खोकला गेल्यावरही चालू ठेवले. पाच-सहा आठवड्यांनी पायांतले बळ गेले, रक्तदाब उतरेना, म्हणून गोळी वाढली. शेवटी दवाखान्यात भरती करावे लागले. रक्तातले पोटॅशियम फार खाली गेले होते. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारले, "आजी, आणखी कोणतं औषध घेता का?" आई म्हणाली, "नाही जी, औषध काहीच नाही." ती खोटे बोलत नव्हती. तिच्या लेखी ज्येष्ठमध हे औषध नव्हतेच. ते घरातले होते.

ज्येष्ठमधातले ग्लिसिरायझिन शरीरात गेले की मूत्रपिंडातल्या एका विकराचे काम अडते. मग शरीर मीठ-पाणी धरून ठेवते आणि पोटॅशियम बाहेर टाकते. पाण्याची गोळीही पोटॅशियम घालवतेच. दोन्ही वाटांनी गळती. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्याला तर हे जिवावरचे ठरू शकते, कारण पोटॅशियम घटले की त्या गोळीचा नेहमीचा डोसही विषारी होतो. रोजच्या सेवनासाठी युरोपातील तज्ज्ञांनी ग्लिसिरायझिनची मर्यादा १०० मिलिग्रॅम धरली आहे. तीन ग्रॅम चूर्णात ते शेकडा चार धरले तरी १२० मिलिग्रॅम होते. पुस्तकातला 'अर्धा चमचा, दिवसातून तीनदा' किती होतो, हे मी आईचाच चमचा काट्यावर ठेवून पाहिले. तीन ग्रॅमच्या वर भरला.

हेच मूळ चिनी वैद्यकात 'गान-त्साओ', गोड गवत, म्हणून असंख्य काढ्यांत पडते. जपानने चिनी परंपरेतले काढे कांपो या नावाने आपल्या वैद्यकात घेतले. तिथे अशा औषधासोबतच्या पत्रकात ज्येष्ठमध दिवसाला किती ग्रॅम जाते ते छापलेले असते आणि पोटॅशियम घटण्याचा इशाराही असतो. म्हणजे परंपरा टाकून न देताही हे लिहिता येते. आमच्या पुस्तकांत ते का नाही, हा माझा प्रश्न आहे.

उत्तर मला या पुस्तकांच्या ठेवणीत सापडले. वनस्पतीचे नाव, मग गुण, मग उपाय. शंकर दाजी पदे यांच्या 'आर्यभिषक्'सारख्या ग्रंथांनी ही रीत घरोघर नेली, आणि त्या काळी ते मोठेच काम होते. पण या मांडणीत कर्ता नेहमी वनस्पती असते. ज्येष्ठमध कफ काढते, मेथी साखर उतरवते, सोनामुखी कोठा साफ करते. कोणाचा कफ, कोणाचा कोठा, हे वाक्यात येतच नाही. मधुमेहाची गोळी घेणारा म्हातारा मेथी-कारल्याचा रस पिऊन जेवण चुकवतो तेव्हा साखर फाजील उतरू शकते. सोनामुखी महिनोन्‌महिने घेतली तर तीही पोटॅशियम घालवते. पुस्तकातले 'उतरवते' हे क्रियापद कुठे थांबायचे ते सांगत नाही.

आणि हा दोष परंपरेचा म्हणावा, तर चरकसंहिता आड येते. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात रोग्याच्या दहा परीक्षा आहेत. प्रकृतीपासून सुरू होऊन शेवटची वयाची. तिथे साठीनंतरचे वय 'जीर्ण' म्हटले आहे. बळाची पारख न करता दुबळ्या रोग्याला दिलेले तीव्र औषध त्याचा प्राण घेऊ शकते, हेही तिथेच आहे. सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात तर असा आशय येतो की, वनस्पतींची नावे आणि रूपे मेंढपाळ, गुराखी, वनवासी यांनाही ठाऊक असतात; देश, काळ आणि माणूस पाहून योजना करणारा वैद्य निराळा. आमच्या पुस्तकांनी चरकाचे नाव प्रस्तावनेत घेतले आणि माणूस गाळला. 'बटवा' हा शब्द त्यांनी शीर्षकांत वापरून वापरून गुळगुळीत केला, पण बटवा चालत असे तो आजीमुळे. समोरचे नातवंड परवा काय जेवले, हे तिला माहीत असे.

कायद्याचीही नजर फारशी वेगळी नाही. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांत 'ई-१' ही अनुसूची आहे. बचनाग, कुचला, धोतरा, बिब्बा अशा विषारी द्रव्यांची ही यादी. त्यांतले काही पोटात घ्यायच्या औषधात असेल तर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना वेष्टनावर छापावी लागते. ज्येष्ठमध या यादीत नाही, आणि ते विषही नाही. पण यादी द्रव्याची आहे, घेणाऱ्याची नाही.

नावांचा घोळ आणखी वेगळा. 'शंखपुष्पी' म्हणून देशात निदान तीन-चार वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. स्मरणशक्तीसाठी म्हाताऱ्यांना ती हमखास सुचवतात. फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांच्या आकड्या शंखपुष्पीचे सिरप सुरू केल्यावर पुन्हा उसळल्या, म्हणून मुंबईच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. त्या औषधाने रक्तातले फेनिटॉइन घटते, असे त्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केले. १९९४ मध्ये मुंबईतूनच गुग्गुळाबद्दल निष्कर्ष आला : प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम या गोळ्या त्याच्यासोबत रक्तात कमी उतरतात. ही माहिती परदेशातून यायची नव्हती, रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर होती. त्यानंतर निघालेल्या आवृत्त्यांत मी ती शोधली. मला ती मिळाली नाही.

गुळवेलीचे प्रकरण ताजे आहे. करोनाच्या काळात काढे पिऊन यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी केली. आयुष मंत्रालयाने उत्तर दिले की गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात वापरली गेली असावी. समजा, मंत्रालयाचेच खरे. मग पान, खोड, फळ कसे ओळखायचे हे पुस्तकाने सांगायला नको? बेल्जियममध्ये १९९० च्या सुमारास हेच घडले. वजन उतरवण्याच्या औषधात 'फांग-ची' नावाची एक चिनी वनस्पती घालायची होती. नामसाधर्म्याने ॲरिस्टोलोकिया कुळातली दुसरीच पडली आणि शंभरावर बायकांची मूत्रपिंडे निकामी होत गेली. आपली ईश्वरी, म्हणजे सापसंद, त्याच कुळातली आहे.

इतवारीच्या किराणा ओळीत एका पंसाऱ्याकडे मी मुद्दाम ज्येष्ठमध मागितले. त्याने विचारले, "कोणासाठी पाहिजे?" आईसाठी, म्हणालो. "बीपी आहे का त्यांना? मग जरा जपून." चार पिढ्यांचे दुकान. पुस्तकांत न सापडलेले वाक्य मला असे गल्ल्यावर मिळाले.

उलट बाजूही सांगायला हवी. घरी सोडताना मिळालेल्या कागदावर सात गोळ्यांची नावे, वेळा, सारे होते. ज्येष्ठमध बंद करा, हे तोंडी सांगितले; कागदावर त्याला रकाना नव्हता. आई दुसऱ्या डॉक्टरकडे तोच कागद घेऊन गेली.

मी आता ते पुस्तक तिच्याकडून परत घेतलेले नाही. घेतले तर दुसरे आणील. ज्येष्ठमधाच्या पानावर लाल शाईने लिहिले : पाण्याची गोळी, डिगॉक्सिन, रक्तदाब असेल तर नको. घेतलेच तर आधी गोळ्यांसकट डॉक्टरांना दाखवा. मग मेथीच्या पानावर, सोनामुखीच्या, गुग्गुळाच्या. परवा शेजारच्या काकूंनी पुस्तक मागून नेले. आईने त्यांना बजावले म्हणे, "लाल अक्षरातलं आधी वाचा, काळं मग."