धोकादायक कुत्रा : वंश की वर्तन? मिनेसोटा राज्याच्या कायद्याची चिकित्सा

बीजसंज्ञा : धोकादायक कुत्रा, वर्तन, प्रक्षोभ, मालकाचे उत्तरदायित्व

प्रस्तावना :
कुत्र्यांपासून नागरिकांचे संरक्षण करणारे कायदे स्थूलमानाने दोन प्रकारचे आहेत. ब्रिटनच्या १९९१ च्या कायद्याने पिट बुल टेरियरसारख्या विशिष्ट प्रकारांवर बंदी घातली. कुत्रा बंदी घातलेल्या प्रकारातील नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही मालकावरच टाकली. याउलट अमेरिकेतील मिनेसोटा राज्याचा कायदा कुत्र्याचे वर्तन पाहतो; केवळ वंशाच्या आधारे असे नियम करण्यास तो शहरांना व काउंटींना मनाई करतो.

कायद्याची रचना :
चिथावणी नसताना माणसाला गंभीर इजा करणारा, किंवा मालकाच्या आवाराबाहेर पाळीव प्राण्याला ठार मारणारा कुत्रा येथे ‘धोकादायक’ ठरतो. त्याखालची पायरी ‘संभाव्य धोकादायक’ कुत्र्याची होय. चिथावणीशिवाय चावणे, एवढेच नव्हे तर रस्त्यावरील सायकलस्वाराचा हल्ल्याच्या आविर्भावात पाठलाग करणे हेही तीत मोडते. मालकाला तशी सूचना मिळाल्यानंतर कुत्र्याने पुन्हा आक्रमक हल्ला केल्यास तो ‘धोकादायक’ गणला जातो. अशा कुत्र्यासाठी नोंदणी, बंदिस्त जागा, बाहेर नेताना मुसके व साखळी आणि किमान ३ लाख डॉलरचा जामीन वा विमा आवश्यक असतो. म्हणजेच शिक्षा रूपाला नसून कृतीला आहे.

मर्यादा :
वर्तनाधिष्ठित कायदा पहिल्या जखमेची वाट पाहतो, हा त्यावरील नेहमीचा आक्षेप. दुय्यम पायरीमुळे तो बराचसा सौम्य होतो. तथापि राज्य कायदा या पायरीवर प्रामुख्याने मायक्रोचिपचीच सक्ती करतो. इशारा मिळूनही मुसके सक्तीचे होत नाही. अधिक कडक नियम करणे स्थानिक संस्थांच्या इच्छेवर राहते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. ज्या कृतीमुळे कुत्रा चावेल असे प्रौढ व्यक्तीला वाजवीपणे वाटू शकते, ती कृती म्हणजे ‘प्रक्षोभ’, अशी कायद्याची व्याख्या आहे. कृती करणारे मात्र अजाण मूलही असू शकते. शेपूट ओढणाऱ्या लहान मुलाकडून प्रौढाच्या समजुतीची अपेक्षा ठेवल्यास, ज्याला संरक्षणाची सर्वाधिक गरज आहे तोच कायद्याच्या कक्षेबाहेर राहण्याचा धोका संभवतो.

भारतीय संदर्भ :
मार्च २०२४ मध्ये केंद्र शासनाने २३ वंशांवर बंदी घालण्याबाबत राज्यांना पत्र पाठविले. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ मात्र वंश विचारत नाही. ते प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणास ६ महिन्यांपर्यंत कारावास वा ५ हजार रुपयांपर्यंत दंड सांगते. परंतु हे दंडविधान आहे. सूचना, सुनावणी, नोंदणी अशी प्रतिबंधक साखळी त्यात नाही.

निष्कर्ष :
वर्तन हा निकष वंशापेक्षा न्याय्य आहे. परंतु पहिल्या इशाऱ्यालाच परिणामकारक बंधन आणि बालकांसाठी प्रक्षोभाची स्वतंत्र व्याख्या यांवाचून तो अपुरा ठरतो. आपल्या महानगरपालिकांनी या कायद्यातून उचलायचे ते त्याच्या पायऱ्यांचे तत्त्व होय, त्यातील उणिवा नव्हेत.