‘भारित’ आणि ‘दत्तमत’ : कर्जविषयक विवरणपत्रांच्या परिभाषेसंबंधी

राज्याच्या अर्थसंकल्पाबरोबर विधिमंडळास सादर होणाऱ्या पुस्तिकांतील आकड्यांवर पुष्कळ बोलले जाते. त्यांतील शब्दांकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. प्रस्तुत टिपणात त्यांपैकी थोड्यांचाच विचार केला आहे.

या पुस्तिकांत खर्चाचे दोन वर्ग आढळतात : ‘दत्तमत’ व ‘भारित’. पहिला शब्द बहुव्रीही आहे. ज्यास मत दिले गेले तो खर्च, असा विग्रह केला की अर्थ उलगडतो. दुसऱ्याचे तसे नाही. भार कोणी घातला, कोणावर घातला, हे ‘भारित’ सांगत नाही. विज्ञान शिकलेल्या वाचकास तर त्यावरून विजेचीच आठवण व्हावी. वस्तुतः विवक्षित अर्थ निषेधाचा आहे. संविधानाच्या अनुच्छेद २०२ अन्वये राज्याच्या कर्जावरील व्याज व कर्जाची परतफेड हा खर्च एकत्रित निधीवर भारित असतो. आणि अनुच्छेद २०३ अन्वये अशा खर्चावर सभागृहात चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. ही तरतूद गैर आहे असे माझे म्हणणे नाही. व्याज द्यावे की नाही हे दरसाल मताने ठरवू लागणाऱ्या ऋणकोस कर्ज देणार कोण? आक्षेप आहे तो नावावर. १८९२ च्या कौन्सिल कायद्याने सभासदांस अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा दिली, मत देण्याची नव्हे. वरिष्ठ कायदेमंडळात गोखल्यांचे १९०२ चे अंदाजपत्रकावरील भाषण झाले ते याच मर्यादेत. पण ती मर्यादा गोखले जाणून होते. आजच्या नवख्या सदस्यास ती ‘भारित’ या शब्दावरून कळेल असे वाटत नाही.

क्रियापदांची गोष्ट याहून उद्बोधक आहे. शेतकरी कर्ज ‘काढतो’, ‘फेडतो’, प्रसंगी ‘बुडवतो’. शासकीय मराठीत ते ‘उभारण्यात येते’. जणू गुढी अथवा इमारतच! ‘-ण्यात येणे’ या रचनेत कर्ता सुखाने लोपतो. राजकोषीय उत्तरदायित्वाच्या २००५ च्या राज्य अधिनियमान्वये जी विवरणपत्रे सादर व्हावयाची, तीही सभागृहापुढे ‘ठेवण्यात येतात’. अधिनियमाच्या नावातच उत्तर देण्याचे दायित्व आहे, आणि वाक्यात उत्तर देणाराच नाही, ही विसंगती केवळ शैलीची म्हणून सोडून देता येत नाही.

रूढ झालेली संज्ञा आता बदलणे कठीण, हे मान्य करावे लागेल. तथापि ‘भारित’ या रकान्याखाली ‘यावर मतदान नाही, चर्चा करता येते’ एवढी एक ओळ छापण्यास कोणत्याही कोशमंडळाच्या संमतीची आवश्यकता पडू नये.