माशाचें दुःख आणि आमच्या मोजपट्ट्या

मासा आमच्या कवितेला परका नाहीं. परंतु तिच्यांत तो बहुधा पाण्याबाहेर काढलेलाच भेटतो. देवाच्या भेटीवांचून होणारी जिवाची तळमळ सांगावयाची झाली, कीं आमचे संतकवि त्याला काठावर आणून ठेवतात आणि तो तेथें तडफडतो. पाण्यांत असलेला मासा सुखीच असावयाचा, असें आम्ही सर्व विचार न करतां धरून चाललों आहों. व्हिक्टोरिया ब्रेथवेट यांचें ‘डू फिश फील पेन?’ हें पुस्तक त्या समजुतीला धक्का देतें. पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनें २०१० सालीं प्रसिद्ध केलें; इतक्या उशिरां त्याचा परामर्श कां, असें कोणी विचारील. उत्तर एवढेंच, कीं आपल्याकडेहि धरणांच्या जलाशयांत पिंजरे सोडून तिलापिया आणि पंगस वाढविले जाऊं लागले आहेत. पाण्यांतल्या माशाचें बरें चाललें आहे कीं वाईट हें ओळखावें कसें, हा प्रश्न आतां परदेशचा राहिलेला नाहीं.

पुस्तकाचा गाभा म्हणजे एडिंबरोजवळच्या रॉझ्लिन इन्स्टिट्यूटमध्यें लिन स्नेडन व माइक जेंटल यांच्यासह लेखिकेनें केलेले आणि २००३ सालीं प्रसिद्ध झालेले प्रयोग. ट्राउट माशाच्या डोक्या-चेहऱ्यावरचीं ५८ संवेदनाग्रें त्यांनीं तपासलीं. त्यांपैकीं २२ इजेची वर्दी देणारीं निघालीं. पण वर्दी पोंचणें म्हणजे दुःख होणें नव्हे. बोट पोळलें कीं हात आधीं मागें येतो, कळ मागाहून जाणवते. हा भेद लेखिका कोठेंहि नजरेआड होऊं देत नाहींत, आणि त्यांच्या लेखनाचें हेंच अंग आम्हांस सर्वांत आवडलें. पुढें त्यांनीं कांहीं माशांच्या ओठांत मधमाशीचें विष टोंचलें, कांहींच्या ओठांत सौम्य ॲसेटिक आम्ल, कांहींच्या नुसतें मिठाचें पाणी. कांहींना केवळ हाताळून सोडून दिलें. स्वस्थपणीं मिनिटाला सुमारें ५० वेळां हलणारे कल्ले नुसत्या हाताळण्यानें ७० वर गेले. विष व आम्ल टोंचलेल्यांचे ९० च्या आसपास. या दुसऱ्यांना पुन्हां खाऊं लागण्यास जवळजवळ तीन तास लागले. आम्लाचे मासे तळच्या खड्यांवर ओठ घाशीत राहिले.

एवढ्यावर शंकेखोर वाचक हटणार नाहीं. म्हणून टाकींत मुलांच्या खेळण्यांतल्या लाल ठोकळ्यांचा एक मनोरा उभा केला. अनोळखी वस्तूपासून दूर राहणें हा ट्राउटचा स्वभाव. पण आम्ल टोंचलेला मासा मनोऱ्याजवळूनच फिरत राहिला, जणूं त्याचें तिकडे लक्षच नव्हतें. त्याला मॉर्फिन दिलें, आणि त्याची भीति परत आली! वेदनेचा पुरावा म्हणून भीतीचें परतणें दाखवावें, ही कल्पना कोणाहि कादंबरीकाराला हेवा वाटावा अशी आहे. माशाला दुखतें हें ठरविण्यासाठीं माशाला दुखवावें लागलें, ही गोष्ट मात्र वाचून झाल्यावरहि आमच्या मनांतून गेली नाहीं.

मनुष्याच्या मेंदूंत वेदनेची जाणीव ज्या बाह्यस्तराशीं निगडित आहे तो माशाला नाहीं, हा जेम्स रोझ यांचा २००२ सालचा आक्षेप. त्याचें निरसन सर्वांना पटलेलें नाहीं. ग्रूपर मासा डोकें हलवून खडकांतल्या वामीला शिकारीस बोलावतो, ही हकीकत पुस्तकांत मोठी मौजेची आहे. परंतु हुशारी हा दुःखाचा दाखला नव्हे. मठ्ठ मुलाच्या दाढेला कमी कळ लागते असें आम्हीं कोठें पाहिलें नाहीं.

आमचा खरा मतभेद मत्स्यशेतीविषयीं आहे. प्रयोगशाळेंत एक मासा आणि एक सुई. नॉर्वेंत एका जाळ्यांत कायद्यानेंच दोन लाखांपर्यंत सामन ठेवतां येतात (सामन म्हणजे आमचा रावस नव्हे), आणि तेथें सुई नसते. असते ती गर्दी, प्राणवायूची तूट, समुद्री उवा, आणि पुन्हां पुन्हां होणारी हाताळणी. तेथें मोजावयाचें काय? पहिली धांव कॉर्टिसॉलकडे. स्वस्थ माशाच्या रक्तांत तें दर मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅमच्या आंत असतें. मासा घाबरला कीं अर्ध्या-एक तासांत ४० पासून २०० पर्यंतहि चढतें. आकडा आला म्हणजे शास्त्र आलें, अशी आपली समजूत! परंतु रक्त काढावयास मासा धरावा लागतो, आणि धरणें हाच त्याला मोठा ताण. नाडी पाहण्यापूर्वीं वैद्यानें रोग्याला जिन्यावरून पळवावें, तशांतलाच हा प्रकार. म्हणून संशोधक कांहीं मिनिटांच्या आंत रक्त काढतात, किंवा कल्ल्यांवाटे पाण्यांत उतरलेलें कॉर्टिसॉल पाण्यांतच मोजतात. टाकींत हें जमतें. वाहत्या समुद्रांतल्या जाळ्यांत जमणें कठीण.

याहून बिकट अडचण पुढेंच आहे. सामनशेतींत कांहीं मासे वाढ खुंटून पृष्ठभागाजवळ निपचित तरंगत असतात. मार्को विंदास व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१६ सालीं त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या माशांचें कॉर्टिसॉल चढलेलें होतें, मेंदूंतील सेरोटोनिनचें कार्य आधींच वाढलेलें होतें. आणि नवा ताण दिल्यावर निरोगी माशांत तें जसें वाढतें, तसें यांच्यांत वाढेना. वृत्तपत्रांनीं ‘खिन्न मासे’ म्हणून मथळे दिले. तें राहूं द्या. पण ताणापूर्वींचा व ताणानंतरचा आकडा घेऊन केवळ त्यांतल्या फरकावर निवाडा करणाऱ्याला हाच मासा सर्वांत शांत दिसला असता. ब्रेथवेट यांचा लाल मनोराहि अखेर प्रतिसादावरच उभा आहे. ज्याच्यांत भिण्याचें त्राणच उरलें नाहीं, त्याच्याविषयीं तो मनोरा काय सांगणार?

लार्स स्तिएन व सहकारी यांनीं २०१३ सालीं सामनसाठीं जो कल्याण-निर्देशांक मांडला, त्यांत प्राणवायु, तापमान, भूक, पर, त्वचा, उवा, कृशता, रोजचे मृत्यु असे अनेक दाखले एकत्र केले आहेत. एका आकड्यापेक्षां ही वाट आम्हांस अधिक प्रामाणिक वाटते, कारण ती माशाकडे पाहावयास लावते. तरी बेरजेंतहि फसगत आहे: चांगल्या पाण्याचे गुण झिजलेल्या पराचें उणें झांकून टाकतात, आणि लाखांच्या सरासरींत ते निपचित मासे बुडून जातात.

या सर्वाला प्रस्तुत पुस्तकांत जागा फार थोडी आहे. गळ, जाळीं आणि मत्स्यशेती यांची शेवटीं थोडक्यांत वाटणी झाली आहे. पण वर सांगितलेलीं दोन्ही संशोधनें पुस्तकानंतरचीं. तेव्हां त्याचा दोष लेखिकेला किती द्यावा? त्या २०१९ सालीं निवर्तल्या, त्यामुळें त्यांच्या हातची सुधारलेली आवृत्ति आतां निघावयाची नाहीं. कोणी हें पुस्तक मराठींत आणील तर त्यानें पहिलीं प्रकरणें जशींच्या तशीं ठेवावींत, आणि शेवटच्या प्रकरणाखालीं त्या तरंगणाऱ्या माशांवर एक सविस्तर टीप जोडावी.