एकाच आकड्याचा हट्ट

शिक्षकमित्रांनो, जेऊरच्या (ता. करमाळा, जि. सोलापूर) शिवारातील काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीचा सामू बहुधा ७ च्या वर असतो. तो झटकन बदलू न देण्यात चुनखडीबरोबरच शेणखतातून येणाऱ्या ह्यूमसचाही वाटा असतो. ह्यूमसच्या मोठ्या रेणूंवर अनेक आम्लगट असतात. ते प्रोटॉन सोडतात आणि पुन्हा धरतातही.

आता पुस्तके काय सांगतात ते पाहू. अ‍ॅसेटिक आम्लाचा पीकेए ४.७६, म्हणजे सामू तेवढा असताना निम्मे रेणू प्रोटॉन सोडून बसलेले असतात. इथवर ठीक. पण हेच सूत्र जसेच्या तसे बहुवारिकांना लावले जाते, आणि आमचा आक्षेप इथे आहे.

पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लाची साखळी घ्या. पहिला प्रोटॉन सुटला की साखळीवर ऋणभार येतो. दुसरा प्रोटॉन निघताना हा ऋणभार त्याला मागे ओढतो. तिसऱ्याला त्याहून अधिक. म्हणजे साखळीचा पीकेए स्थिर नसून प्रत्येक पावलागणिक वाढत जातो. पाण्यात मीठ घातले तर त्याचे धन आयन साखळीभोवती जमतात, ओढ कमी होते आणि प्रोटॉन सहज सुटतात.

काचाल्स्की व स्पिटनिक यांनी १९४७ मध्ये जुन्या सूत्रात ‘एन’ हा गुणक घातला. साध्या आम्लासाठी तो १, अशा साखळ्यांसाठी १ पेक्षा जास्त. ही सुधारणा उपयोगी खरी, पण तिलाही मर्यादा आहे. मिठाचे प्रमाण बदलले की ‘एन’ बदलतो. तो आलेखाचा आकार सांगतो, कारण सांगत नाही. कारण साखळीच्या विद्युतभारात आहे. ह्यूमसमध्ये तर आम्लगटही एकसारखे नसतात; तिथे एकच आकडा धरणे अधिकच चूक.

वर्गात करून पाहा. बाळांच्या डायपरमधील जेलचे कण पावसाच्या पाण्यात फुगवा. वर लिंबू पिळा. साखळ्या प्रोटॉन धरतात, ऋणभार घटतो, परस्परांना दूर लोटणे थांबते आणि जेल आक्रसून पाणी सोडते.

विद्यार्थी असताना अशाच एका बहुवारिकाच्या अनुमापनाचा आलेख आमचा पसरट आला होता. ‘पुस्तकाशी जुळत नाही’ म्हणून तो आम्हांला खोडायला लावला गेला. वाचने बरोबर होती. अपुरे होते ते सूत्र. तुमच्या वर्गात असा आलेख आला, तर खोडरबर हाती घेण्यापूर्वी एवढेच विचारा : हे सूत्र कोणत्या रेणूसाठी केले होते?