रणजित गुहा : दप्तरातील गद्याचे वाचन

रणजित गुहा (१९२३–२०२३) यांच्या इतिहासलेखनाचे मर्म त्यांच्या वाचनपद्धतीत आहे. बंगालच्या कायमधाऱ्यामागील युरोपीय विचार त्यांनी १९६३ मध्ये उलगडला. पुढे शेतकरी बंडांकडे वळल्यावर मात्र पुरावा बंड मोडणाऱ्यांच्याच दप्तरांत होता. इतिहासकाराला संहितेचा चिकित्सक होणे भाग पडले. अधिकाऱ्याच्या निंदाव्यंजक शब्दांआड त्यांनी बंडखोराची जाणीव वाचली. १८५५ च्या संथाळ उठावाचे पुढारी लढाईचे कर्तृत्व ‘ठाकुरा’ला, म्हणजे देवाला, देतात. गुहांनी ही श्रद्धा बंडखोराच्या जाणिवेचाच भाग मानली. पण देवाचे कर्तृत्व इतिहासाच्या भाषेत बसविणे त्यांनाही साधले नाही. २००२ मध्ये ते रवींद्रनाथांच्या इतिहासविचाराकडे व नंतर बंगाली लेखनाकडे वळले, ही माघार नव्हे. दप्तराबाहेर राहिलेल्या अनुभवाचा तो शोध होय.